कार्यशाळेची करवत : आधी कोणती आणि कोणाच्या हाती?

स्मरणिकेत कृतज्ञतेचे आणि आठवणींचे लेख पुष्कळ असतात, आणि ते असायलाच हवेत. आम्ही मात्र या पानांवर एका यंत्राविषयी लिहिणार आहोत. माजी विद्यार्थ्यांनी सुतारकामाच्या कार्यशाळेसाठी निधी उभारण्याचे मनावर घेतल्यापासून एकच प्रश्न आम्हाला वारंवार विचारला जातो : विजेवर चालणारी करवत घ्यायची, तर कोणती? बांधकाम आणि फर्निचरच्या व्यवसायात स्थिरावलेले आमचे बहुतेक माजी विद्यार्थी टेबल सॉ सुचवतात. पालकांपैकी काहींना वसतिगृहाच्या आवारात अशी करवतच नको आहे. तर काहींचा आक्षेप याहून खोल आहे : मुलांना शिकायला पाठवले, ते पुन्हा हातात हत्यार देण्यासाठी का?

प्रश्न वरवर पाहता खरेदीचा आहे. परंतु त्यात मुलांची बोटे गुंतलेली आहेत, देणगीदारांच्या कष्टाचा पैसा गुंतलेला आहे, आणि श्रमाकडे आपण कोणत्या दृष्टीने पाहतो हेही गुंतलेले आहे. म्हणून आमचे मत कार्यशाळा समितीच्या बैठकीपुरते न ठेवता सर्वांसमोर मांडणे आम्हाला उचित वाटते. ते मत असे : पहिले यंत्र बँड सॉ असावे. त्याच्या जोडीला प्लायवुडसाठी सरळ मार्गदर्शक पट्टीवर चालणारी हातातली सर्क्युलर सॉ असावी. टेबल सॉ सर्वांत शेवटी यावी, आणि आली तरी ती केवळ प्रशिक्षकांनी चालवावी.

लाकडाला काय काय करावे लागते?

यंत्र निवडण्यापूर्वी काम पाहावे. आपल्या कार्यशाळेत मोडक्या बाकांच्या फळ्या बदलणे, वसतिगृहातील खाटांच्या पट्ट्या करणे, पुस्तकांची कपाटे आणि फडताळे बांधणे, आणि पावसाळ्यात उन्मळून पडलेल्या बाभूळ, आंबा, कडुनिंब यांच्या लाकडाचा उपयोग करणे, अशी कामे व्हावयाची आहेत. या सर्व कामांत करवतीकडून चार गोष्टी अपेक्षित असतात. पहिली म्हणजे तंतूंच्या दिशेने लाकूड चिरणे. दुसरी, तंतूंना छेदून ते आडवे कापणे. तिसरी, वळणाने कापणे, जसे खुर्चीचा पाय किंवा फडताळाचा कमानदार कोपरा. आणि चौथी, आठ फूट बाय चार फुटांच्या प्लायवुडच्या तावातून हवे ते तुकडे काढणे.

यांतील आडवा काप हातकरवतीने सहज होतो. दोन इंच रुंदीची पट्टी कापण्यासाठी यंत्र सुरू करणाऱ्याला जुना सुतार हसेल. माणसाचा घाम काढते ते चिरकाम. वाळलेल्या बाभळीची चार फूट फळी हाताने चिरून पाहिलेल्या कोणालाही हे समजावून सांगावे लागणार नाही. म्हणजे यंत्राची खरी गरज चिरण्यासाठी आहे, आणि निवडीची कसोटीही तीच असली पाहिजे.

टेबल सॉ : गुण आणि धोका

टेबल सॉमध्ये लोखंडी टेबलाच्या फटीतून गोल चकतीचे पाते वर आलेले असते. बाजूला सरळ आडपट्टी असते, तिला टेकवून लाकूड पुढे सरकवायचे. काप अगदी सरळ येतो, पृष्ठभाग गुळगुळीत येतो, आणि एकाच मापाच्या वीस पट्ट्या हव्या असतील तर वीसही एकसारख्या निघतात. योग्य जोडणी केली तर कुसू आणि खाचाही तिच्यावर करता येतात. धंद्यात असलेले आमचे मित्र तिची बाजू घेतात, यात आश्चर्य काहीच नाही. वेळ म्हणजे मजुरी, आणि टेबल सॉ वेळ वाचवते.

आता दुसरी बाजू. १० इंची पाते मिनिटाला ४,००० फेरे घेत असेल, तर त्याच्या दाताचा वेग सेकंदाला सुमारे ५३ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. चूक लक्षात येऊन हात मागे घ्यायला माणसाला साधारण एक पंचमांश सेकंद लागतो, असे धरले, तर तेवढ्या वेळात दात १० मीटरहून अधिक अंतर कापून गेलेले असतात.

परंतु केवळ वेग हा टेबल सॉचा खरा धोका नव्हे. खरा धोका पात्याच्या मागच्या बाजूला आहे. पुढच्या बाजूचे दात लाकडाला खाली टेबलावर दाबतात. मागच्या बाजूचे दात मात्र खालून वर येत असतात. चिरताना लाकडातील ताण सुटून फट मिटली, किंवा तुकडा आडपट्टी आणि पाते यांच्यामध्ये तिरका झाला, की मागचे दात त्याला उचलतात आणि चालवणाऱ्याच्या दिशेने भिरकावतात. याला कारागीर ‘किकबॅक’ म्हणतात. लाकूड पोटात किंवा छातीत बसते ते बसतेच. पण त्याच क्षणी लाकडावर ठेवलेला हातही पात्याकडे ओढला जाऊ शकतो. पावसात पडलेल्या झाडाचे, नीट न वाळलेले, गाठीगाठींचे लाकूड असेल तर ही शक्यता अधिक वाढते. आणि आपल्याकडे येणारे लाकूड नेमके तसेच आहे.

यावर उपाय आहेत. पात्याच्या मागे, पात्याबरोबरच वरखाली होणारी एक वक्र पोलादी पट्टी असते. तिला रायव्हिंग नाइफ म्हणतात. ती फट मिटू देत नाही आणि लाकडाला मागच्या दातांपर्यंत जाऊ देत नाही. पात्यावर पारदर्शक झाकण असते. लाकूड ढकलण्यासाठी काठी असते, म्हणजे बोटे दूर राहतात. परंतु आपल्याकडील कित्येक ठिकाणी पहिल्याच आठवड्यात झाकण अडचण म्हणून काढले जाते, आणि पट्टी कोणत्या तरी खणात जाऊन पडते. ज्या यंत्राची सुरक्षितता काढून ठेवण्याजोग्या तीन वस्तूंवर अवलंबून आहे, ते यंत्र शाळेने पहिले म्हणून घ्यावे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाचा अंदाज आहे की, त्या देशात टेबल सॉमुळे दरवर्षी सुमारे ३०,००० जखमींना रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्यावे लागते, आणि त्यांपैकी सुमारे ४,००० जणांचा अवयव, बहुधा बोट, तुटलेला असतो. म्हणजे दिवसाला सरासरी दहाहून अधिक. झाकणे, सूचनापुस्तिका आणि विमा यांची ज्या देशात रेलचेल आहे, तेथील ही स्थिती आहे. आपल्या गल्लीबोळांतील दुकानांत तुटलेल्या बोटांची नोंद कोणत्या वहीत होते?

बँड सॉ : संथ, काटकसरी आणि सोशिक

बँड सॉ म्हणजे वरखाली बसवलेल्या दोन चाकांवरून फिरणारे, दोन्ही टोके जोडून वर्तुळाकार केलेले पट्ट्यासारखे पाते. कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ मध्ये तिचे पेटंट घेतले; पण पात्याचा सांधा टिकत नसल्याने ती बराच काळ कागदावरच राहिली. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्समध्ये सांधा पक्का करण्याची रीत सापडली, आणि मग हे यंत्र वखारीपासून फर्निचरच्या कारखान्यापर्यंत सर्वत्र पोहोचले.

शाळेसाठी तिचा सर्वांत मोठा गुण म्हणजे पात्याची दिशा. पाते सतत वरून खाली जाते, त्यामुळे लाकूड टेबलावरच दाबले जाते. ते चालवणाऱ्याच्या अंगावर फेकण्याचा प्रसंग तिच्या रचनेतच नाही. १४ इंची यंत्रावर पात्याचा वेग मिनिटाला सुमारे ९०० मीटर असतो, म्हणजे टेबल सॉच्या दाताच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतका. आवाजही बराच कमी असतो. शिक्षकाची सूचना ऐकू येणे ही वर्गात मोठी गोष्ट आहे.

दुसरा गुण काटकसरीचा. टेबल सॉचे नेहमीचे पाते कापताना सुमारे ३.२ मिलिमीटर लाकडाचा भुसा करते. बँड सॉचे पाते साधारण एक मिलिमीटरचा. हिशेब करून पाहू. १०० मिलिमीटर रुंदीच्या तुकड्यातून १३ मिलिमीटर जाडीच्या पट्ट्या काढायच्या आहेत. टेबल सॉवर सहा पट्ट्या निघतात. सातवीला लाकूड पुरत नाही. बँड सॉवर सात पट्ट्या निघतात, आणि वर तीन मिलिमीटर उरतात. सागवान विकत घेणाऱ्या संस्थेला सहामागे एक पट्टी जास्त मिळणे ही किरकोळ बाब नाही. शिवाय १० इंची टेबल सॉ एका वेळी जेमतेम तीन इंच उंचीचे लाकूड कापते. १४ इंची बँड सॉ साधारण सहा इंच. म्हणजे वादळात पडलेल्या आंब्याच्या जाड ओंडक्याचे नीट चौकोनी केलेले तुकडे तिच्यावर फळ्यांत रूपांतरित होऊ शकतात.

तिसरा गुण वळणाचा. पाव इंच रुंदीचे पाते लावले तर सुमारे पाऊण इंच त्रिज्येचे वळण आरामात घेता येते. अर्धा इंची पात्याला अडीच इंचांच्या आसपास त्रिज्या लागते. म्हणून चिरकामाला रुंद आणि इंचाला तीन दातांचे पाते, तर नक्षीच्या वळणांना अरुंद आणि बारीक दातांचे पाते, असा साधा नियम मुलांना सांगता येतो. टेबल सॉवर वळण कापण्याचा विचारही करू नये.

तिचे दोषही सांगितले पाहिजेत; एका बाजूची स्तुती करणारा सल्ला विक्रेत्याचा असतो. बँड सॉने कापलेला पृष्ठभाग खडबडीत असतो, त्यावर रंधा मारावाच लागतो. पाते ढिले असेल किंवा बोथट झाले असेल, तर काप भरकटतो. प्लायवुडचा अख्खा ताव तिच्यावर कापता येत नाही, कारण यंत्राचा खांब आड येतो. पाते कधी तरी तुटतेही, म्हणून चाकांवरची दारे बंद असल्याशिवाय यंत्र सुरू करता कामा नये. आणि ती निरुपद्रवी मुळीच नाही. मटणाच्या मोठ्या दुकानांत हाडे कापायला याच जातीचे यंत्र वापरतात, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थ्याला पहिल्या दिवशी सांगावी. पात्याचा वरचा आधार लाकडाच्या माथ्यापासून पाव इंचावर आणावा, म्हणजे उघडे पाते कमीत कमी राहील. बोटे कापाच्या रेषेत कधीही ठेवू नयेत. आणि गोल लाकूड आधाराशिवाय कापू नये, कारण ते गरकन फिरते आणि हातालाही सोबत नेते.

तरीही दोन्ही यंत्रांतील फरक राहतोच. बँड सॉवर अपघात बहुधा हात पात्याकडे नेल्याने होतो. टेबल सॉवर तो हात जागच्या जागी असतानाही होऊ शकतो. ज्याचा हात अजून शिकतो आहे, त्याच्यासाठी हा फरक निर्णायक आहे.

इतर करवती, आणि एक घातक जुगाड

प्लायवुडचा प्रश्न हातातल्या सर्क्युलर सॉने सुटतो. ताव जमिनीवर लाकडी पट्ट्यांच्या आधाराने आडवा ठेवावा, त्यावर सरळ मार्गदर्शक पट्टी घट्ट आवळावी, आणि करवत त्या पट्टीच्या कडेने न्यावी. येथे जड ताव ढकलत नेण्याऐवजी यंत्र पुढे जाते. दोन मुलांनी धरलेला ताव टेबल सॉवर डळमळण्यापेक्षा हे कितीतरी सुरक्षित आहे. मात्र खालचे झाकण आपोआप मिटणारे आहे ना, हे रोज तपासावे. ही करवतही मोठ्यांच्याच हाती असावी.

जिगसॉ लहान आहे, स्वस्त आहे आणि विद्यार्थ्याच्या हाती देण्याजोगे पहिले विजेचे हत्यार आहे. माइटर सॉ कोन कापायला उत्तम; पण चौकटींचे कोन लाकडी साच्यात हातकरवत धरूनही अचूक येतात, म्हणून तिच्यावर आज खर्च करू नये. आडव्या दांड्यावर पुढेमागे सरकणारी रेडियल आर्म सॉ जुन्या कारखान्यांतून कधी कधी स्वस्तात मिळते. तिचे पाते लाकडावर चढून चालवणाऱ्याकडे येऊ पाहते. स्वस्त असली तरी ती घेऊ नये, आणि कोणी भेट दिली तर नम्रपणे नाकारावी.

एक गोष्ट अधिक ठामपणे सांगितली पाहिजे. आपल्याकडे फरशी कापण्याच्या मार्बल कटरला लाकडाचे पाते लावून, तो प्लायवुडच्या तक्त्याखाली उलटा बसवून, त्यालाच टेबल सॉ म्हणण्याची रीत सर्वत्र आहे. रस्त्यालगतच्या निम्म्या दुकानांत हेच यंत्र दिसेल. त्याला मागची पट्टी नसते, झाकण नसते, आणि पुष्कळदा बटण दाबलेल्या स्थितीत दोरीने किंवा चिकटपट्टीने बांधून टाकलेले असते. फरशीसाठी केलेले हे यंत्र मिनिटाला दहा हजारांहून अधिक फेरे घेते. अँगल ग्राइंडरला दातेरी चकती लावणे तर त्याहून वाईट. ज्यांनी या जुगाडावर संसार उभे केले, त्यांच्या कष्टांविषयी आम्हाला आदर आहे. परंतु शाळेच्या आवारात असे यंत्र एक दिवसासाठीही उभे राहू नये.

बोट ओळखणारी करवत

काही हितचिंतकांनी विचारले, बोट लागताच थांबणारी टेबल सॉ निघाली आहे, ती का घेऊ नये? अशी करवत खरोखरच आहे. स्टीफन गॅस या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञाने १९९९ मध्ये तिची कल्पना सिद्ध केली, आणि ‘सॉस्टॉप’ या नावाने ती बाजारात आली. पात्यावर सूक्ष्म विद्युतसंकेत खेळवलेला असतो. मानवी शरीर विजेचे वाहक असल्याने त्वचेचा स्पर्श होताच संकेत बदलतो, आणि ॲल्युमिनियमचा ठोकळा पात्यात घुसून ते सुमारे पाच मिलिसेकंदांत थांबवतो. बोट जाण्याऐवजी ओरखडा येतो.

विज्ञान करुणेच्या कामी कसे येते याचे हे सुंदर उदाहरण आहे, आणि टेबल सॉ घेण्याची वेळ येईल तेव्हा आम्ही याच जातीचा आग्रह धरू. परंतु आज ती पहिली खरेदी का नाही, याची कारणे आहेत. साध्या यंत्रापेक्षा ती कितीतरी महाग आहे. एकदा थांबली की ठोकळ्याचा संच नवा लागतो, आणि पातेही बहुधा टाकून द्यावे लागते. तो संच तालुक्याच्या गावी मिळत नाही. ओले लाकूड किंवा लपलेला खिळा यांनीही ती चुकून थांबू शकते, आणि मग कोणी तरी ती सोय बंद करून काम करू लागतो. शिवाय ती किकबॅक थांबवत नाही. बोट वाचवणारे यंत्र असले तरी मागची पट्टी, झाकण आणि शिस्त लागतेच.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप रोजगाराचा : ‘बाजारात प्लायवुडचे आणि मॉड्युलर फर्निचरचे काम आहे. तेथे सरकत्या टेबलाची पॅनेल सॉ आणि संगणकावर चालणारी यंत्रे आहेत. बँड सॉ शिकून मुलाला नोकरी कोण देईल?’ आक्षेप गंभीर आहे. पण ती मोठी यंत्रे शाळा घेऊ शकत नाही, आणि घेतली तरी पाच वर्षांत ती जुनी होतील. जी गोष्ट जुनी होत नाही ती म्हणजे माप घेणे, काटकोन तपासणे, लाकडाचे तंतू वाचणे आणि धारेची जाण. हे ज्याला येते, तो कोणत्याही यंत्रावर महिन्याभरात तयार होतो. मोठ्या यंत्रांची ओळख करून द्यायला आमच्या माजी विद्यार्थ्यांचे कारखाने आहेतच. वर्षातून दोन वेळा त्यांनी आपली दारे उघडावीत.

दुसरा आक्षेप याच्या उलट : ‘विजेचे काहीच नको, हातकरवत पुरे.’ यामागे मुलांविषयीची माया आहे. परंतु यांतील काही मुले पुढे दुकानांत काम करणारच आहेत, आणि तेथे झाकण नसलेले कटर त्यांची वाट पाहत आहेत. यंत्राचा धोका ओळखायला झाकण असलेल्या यंत्रावर, शिक्षकाच्या देखरेखीखाली शिकावे, की मालकाच्या घाईत? १९४८ च्या कारखाने अधिनियमाने धोक्याच्या यंत्रांना आवरण घालणे मालकावर बंधनकारक केले, आणि तरुण कामगाराला धोक्याची पूर्ण माहिती, तसेच पुरेसे शिक्षण किंवा जाणत्याची देखरेख यांशिवाय अशा यंत्रावर ठेवण्यास मनाई केली. शाळा म्हणजे कारखाना नव्हे. पण कारखान्याला जे किमान लागू, त्याहून कमी दक्षता शाळेने घ्यावी असे कोणी म्हणणार नाही. हा अधिकार ज्या मुलाला ठाऊक असेल, तो उद्या मालकाला ‘झाकण कुठे आहे?’ असे विचारू शकेल. आमच्या मते कार्यशाळेचा हाच सर्वांत मोठा धडा ठरेल.

तिसरा आक्षेप आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो : ‘पिढ्यानपिढ्या हातच झिजवले. आता मुलांनी लेखणी आणि संगणक धरावा.’ या आक्षेपामागची जखम आम्ही जाणतो. जन्मावरून धंदा ठरवून माणसाच्या आवडीला आणि कुवतीला वाव न ठेवणे हा जातिव्यवस्थेचा घोर दोष होय, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात सविस्तर दाखवून दिले. त्या ग्रंथाचा रोष लादलेल्या धंद्यावर होता. हेच बाबासाहेब १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. कामगारांचे तांत्रिक प्रशिक्षण आणि कामाचे तास हे त्यांच्या खात्याचे विषय होते, आणि १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यातील कामाचा आठवडा ४८ तासांवर आला. श्रमाला प्रतिष्ठा आणि श्रमिकाला संरक्षण, हा त्या कामाचा आशय आहे. आमच्या कार्यशाळेत जो शिकेल तो स्वेच्छेने शिकेल. डॉक्टर होणारी मुलगीही शिकेल, आणि सुतारच व्हायचे ठरवणारा मुलगाही. कोणाचे आडनाव काय, यावरून कोणाच्या हाती करवत जाणार नाही आणि कोणाच्या हातून काढूनही घेतली जाणार नाही.

यंत्राबरोबर काय घ्यावे लागेल?

देणगी यंत्रापुरती मोजू नये. आपल्या भागात वीज जाते आणि अचानक येते. साध्या बटणावर यंत्र असेल, तर वीज परत येताच ते आपोआप सुरू होते. त्या वेळी कोणाचा हात पात्याजवळ असेल तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून वीज जाताच सुटणारा आणि पुन्हा दाबल्याशिवाय न लागणारा स्टार्टर अनिवार्य आहे. पंपांवर असतो तोच प्रकार, त्यामुळे तो कोणत्याही इलेक्ट्रिशियनला ठाऊक आहे. त्याबरोबर चांगले अर्थिंग आणि गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारे उपकरण हवे.

भुशाकडे आपण घाण म्हणून पाहतो. तो विष म्हणून पाहिला पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाच्या धुळीचा समावेश माणसात कर्करोग निर्माण करणाऱ्या घटकांत केला. नाकातील आणि त्यालगतच्या पोकळ्यांतील कर्करोगाशी तिचा संबंध आहे. म्हणून भुसा ओढून घेणारे यंत्र, तोंडावर योग्य मास्क, डोळ्यांवर चष्मा आणि कानांवर संरक्षण यांचा खर्च करवतीच्या खर्चातच धरावा. फाटका रुमाल म्हणजे मास्क नव्हे. हातमोजे मात्र फिरत्या पात्याजवळ कधीही घालू नयेत. पाते त्यात अडकून हात ओढून नेते. सैल बाही, ओढणी, गळ्यातील दोरा आणि मोकळे केस यांनाही तोच नियम.

लाकूड चिरणाऱ्या यंत्रांवर वन विभागाचे नियंत्रण आहे. आपले यंत्र आरागिरणी नव्हे, हे उघड आहे. तरीही ते बसवण्यापूर्वी वन विभागाच्या कार्यालयाकडे लेखी विचारणा करून उत्तर नस्तीत ठेवावे, असा आमचा आग्रह आहे.

कोणाच्या हाती, केव्हा?

पाचवी ते सातवीच्या मुलांनी माप, रेघ, गुण्या आणि हातकरवत एवढेच शिकावे. हातकरवत अडली की मुलाला आपोआप कळते, लाकूड कोठे गाठाळ आहे आणि तंतू कोठे वळले आहेत. हे ज्ञान यंत्र देत नाही. आठवीत जिगसॉ. नववीपासून बँड सॉ, तीही पालकांच्या लेखी संमतीने, चाचणी उत्तीर्ण झाल्यावर, आणि एका वेळी एक विद्यार्थी व शेजारी एक प्रशिक्षक या प्रमाणात. कामाची सक्ती नाही, उत्पादनाचा कोटा नाही. शाळेच्या फर्निचरची निकड कितीही असली, तरी मुले म्हणजे स्वस्त मजूर नव्हेत. सर्क्युलर सॉ आणि पुढेमागे येणारी टेबल सॉ केवळ प्रशिक्षक चालवतील. यंत्राची किल्ली त्यांच्याचकडे राहील.

बुद्धाच्या शिकवणुकीत अप्रमादाला, म्हणजे सावधपणाला, मोठे स्थान आहे. वर्गात आपण तो शब्द शिकवतो; करवतीसमोर त्याचा अर्थ शरीराला कळतो. सम्यक आजीविकेचे तसेच आहे. दुसऱ्याचे बोट धोक्यात घालून मिळवलेला नफा त्या शब्दात बसत नाही, आणि स्वतःचे बोट गमावून मिळवलेली मजुरीही बसू नये.

शेवटी आमच्या माजी विद्यार्थ्यांना एक विनंती. आपण यंत्रासाठी पैसे देत आहात, त्याबद्दल शाळा आपली ऋणी आहे. परंतु पात्यांना वरचेवर धार लागते, पट्टे तुटतात, चाकांवरचे रबर झिजते. पहिल्या वर्षीच्या उत्साहानंतर गंजत पडलेली यंत्रे आपण सर्वांनीच कोठे ना कोठे पाहिली आहेत. म्हणून निधीचा एक हिस्सा दुरुस्ती आणि पात्यांसाठी बाजूला ठेवू द्यावा. आणि आपल्यापैकी जे या कामात मुरलेले आहेत, त्यांनी वर्षातून चार दिवस तरी येऊन मुलांच्या शेजारी उभे राहावे. टेबल सॉ आधी हवी, हे आपले मत त्या दिवसांतही कायम राहिले, तर ते आम्हाला पुन्हा जरूर सांगावे. कार्यशाळेतच बसून त्यावर चर्चा करू.

— कार्यशाळा समिती